शरफूला विचारा

गेल्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी पुन्हा तो व्हॉइस मेसेज टाकला. "अस्सलामु अलैकुम. मी शरफुद्दीन बोलतोय, जेद्द्यावरनं. उमऱ्याला येणाऱ्या आपल्या कोकणी भावाबहिणींनी घाबरायचं काय कारण नाय..." मी पुढचं ऐकलं नाही. चार महिने मी त्या आवाजाच्या छपराखाली काढले आहेत आणि एका माणसाला तेवढी शिक्षा पुरे आहे. तेव्हा तोंडावर मी त्याला शरफूभाई म्हणायचो, अहोजाहो करायचो. त्याच्या घरात राहायचं तर ते करावंच लागे. आता मी माझ्या ओटीवर बसून लिहितो आहे, तेव्हा तेवढी मोकळीक घेतो.

मी सुतार. आमच्या घरात गलबतं बांधायची विद्या होती. वडिलांच्या हातची दोन अजून दाभोळच्या खाडीत चालतात. मी मात्र सौदीत रास अल खैरला शटरिंगच्या कामावर होतो. म्हणजे फळ्या ठोकायच्या, काँक्रीट ओतू द्यायचं आणि ते सुकलं की आपणच ठोकलेली फळी उपटून फेकायची. सहा वर्षं ते केल्यावर कंपनीला जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, पडायला आलेली घरं दुरुस्त करायचं काम मिळालं. खरं सुतारकाम येणारी माणसं शोधताना साहेबाला मी सापडलो. जेद्द्यात कंपनीचा कॅम्प नव्हता. फोरमननं विचारलं, "तू कोकणी ना? मग शरफूकडे जा." बलदमध्ये कोकणी माणूस उतरला की त्याला शरफूच्या गेस्ट हाऊसवर पाठवायचं, अशी तिथली रीतच पडून गेली होती.

घर चार मजल्यांचं, समुद्रातल्या दगडाचं, दीडशे वर्षांपूर्वीचं तरी असेल. खाली अत्तराचं दुकान, वर सात खोल्या, दर खोलीत चार खाटा. जिन्याच्या पायऱ्या इतक्या उंच की पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत पाहुणा अर्धा मेलेला असे. मग वरून शरफू विचारायचा, "दमलात? माझ्याकडं बघा, दिवसातनं चाळीस वेळा चढतो." तो जागचा हलत नसे. पहिल्या मजल्यावरच्या खुर्चीत बसून तो सगळं घर आवाजावर चालवायचा.

दिसायला ठेंगणा, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगात बारा महिने खिशांचं जाकीट. त्या जाकिटात सातही खोल्यांच्या एसीचे रिमोट असत. पाहुण्याच्या हातात रिमोट द्यायचा नाही, हा त्याचा नियम. उकडायला लागलं की आपण जिना उतरून त्याच्यापुढे उभं राहायचं. मग तो खिसे चाचपायचा, एक रिमोट काढायचा, तो भलत्याच खोलीचा निघायचा, दुसरा काढायचा. शेवटी जिना चढून यायची वेळ आली की म्हणायचा, "मिस्त्री, खिडकी उघडा. समुद्राची हवा तब्येतीला चांगली." मी एकदा म्हणालो, शरफूभाई, रिमोटवर खोलीचे नंबर तरी टाका. तर म्हणतो, "नंबर टाकले की चोरी होते. तीस वर्षं झाली मला इथं."

हे तीस वर्षं झाली म्हणजे त्याचं सगळ्यावरचं औषध होतं. वादात हरायची वेळ आली की तीस वर्षं बाहेर. आमटीत मीठ जास्त झालं तरी तीस वर्षं. रास अल खैरला आमच्याबरोबर एक म्हातारा वेल्डर होता, तो पंधरा वर्षांपूर्वी शरफूकडे उतरला होता. तेव्हाही तीसच होती म्हणे. शरफूचं गाव श्रीवर्धनच्या बाजूला, त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला खासगी ड्रायव्हर, आणि तो स्वतःला सांगायचा "इथला जाणकार". कुणी काही विचारायला तोंड उघडलं की प्रश्न अर्धा व्हायच्या आत उत्तर येई. पुष्कळदा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असे. पासपोर्ट, पोलीस, पोटदुखी, कबुतरांचा त्रास, काही असो, "शरफूला विचारा". माहीत नाही हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत.

एकदा नगरपालिकेचा माणूस तपासणीला आला. पोरसवदा सौदी, पांढरा स्वच्छ तोब घातलेला, हातात टॅब. शरफू खुर्चीतून उठला, ही एक नवलाची गोष्ट, आणि त्यानं अरबी सुरू केली. त्याची अरबी म्हणजे पाच-सहा शब्द आणि बाकीचा नुसता आवाज. "माफी मुश्किल! कुल्लू तमाम! बुकरा, इन्शाल्ला! यल्ला, खलास!" तो बिचारा टॅब छातीशी धरून ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "चाचा, आप हिंदी में बोलिए. मैं पाँच साल पुणे में पढ़ा हूँ." आम्ही तिघेचौघे जिन्यात उभे होतो, आमचं हसू आवरेना. शरफूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण तो माणूस जिना उतरला न उतरला तोच शरफू आमच्याकडे वळून म्हणाला, "बघितलंत? माझी अरबी ऐकून गार पडला. हिंदीवर आला."

मासळीचंही तेच. कोकणी माणसाला बाकी कशातही फसवा, पण मासळीत फसवू नका. दर शुक्रवारी शरफू स्वतः मासळीबाजारात जायचा आणि बाजार उठता उठता जे पडून राहिलेलं असेल ते घेऊन यायचा. एका शुक्रवारी सुरमई म्हणून त्यानं जे काही आणलं त्याचे मी कल्ले उघडून बघितले. मातकट तपकिरी. डोळे आत गेलेले. म्हटलं, शरफूभाई, ही परवाच वारली आहे. तो म्हणाला, "लाल समुद्रातल्या मासळीचे कल्ले असेच असतात." जन्म खाडीवर काढलेल्या माणसाला तो हे सांगत होता, आणि मी ते ऐकून घेतलं, कारण संध्याकाळी तेच जेवायचं होतं.

पण मी त्याला मनातून उतरवलं ते या सगळ्यामुळे नाही. बलदच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जे असतात, भिंतीच्या बाहेर काढलेले, वरपासून खालपर्यंत जाळीचं काम. त्यांना तिथे रोशन म्हणतात. आत बसलेल्याला वारा लागावा, रस्ता दिसावा, आणि रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये, असा त्यांचा बेत. लाकूड सागवान. ते आपल्याच बाजूच्या किनाऱ्यावरून गलबतांतून तिकडे गेलेलं. मी दिवसभर दोन गल्ल्या पलीकडे एका घराचा रोशन दुरुस्त करायचो. एक एक पट्टी सोडवायची, नंबर घालायचा, कुजलेला भाग तेवढा कापून तिथे नवा तुकडा बसवायचा. एका खिळ्याशिवाय सांधलेली ती जाळी हातात घेतली की ज्यानं केली त्याच्यापुढे मान लववावीशी वाटायची.

शरफूच्या घरालाही असा एक रोशन होता, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याच खोलीत. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरचा पडदा सरकवला आणि बघतच राहिलो. मधोमध, सगळ्यात बारीक नक्षी होती तिथे, करवतीनं वीतभर चौकोन कापून काढला होता. एसीच्या नळ्या बाहेर काढायला. कडेला हातभर भिंत मोकळी होती. ड्रिलनं भोक पाडलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. उरलेल्या फटीत प्लायवूडचा तुकडा आणि प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच," तो कौतुकानं म्हणाला. "मिस्त्री बोलवायला कशाला पायजे? लाकूड जुनं होतं, करवत सरकन गेली."

लाकूड जुनं असेल तर करवत सरकन जात नाही, अडते. त्याला तिथे जोर करावा लागला असणार, आणि तरीही तो थांबला नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे माणूस म्हणून बघणं सोडून दिलं. चार महिने मी त्याला सलाम केला, त्याच्या हातचा चहा प्यालो, आणि मनात त्याचा तिरस्कार करत राहिलो. मला त्यात एक प्रकारची मजाही वाटत होती, हे आता कबूल करतो.

आता त्या व्हॉइस मेसेजबद्दल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उमरा म्हणजे मक्केची, वर्षात केव्हाही करता येणारी यात्रा. मक्केच्या भोवती ठरलेल्या सीमा आहेत, उमऱ्याला जाणाऱ्यानं त्या ओलांडायच्या आधी एहराम बांधून नियत, म्हणजे मनाशी संकल्प, करायची असते. पुरुषांनी बिनशिवणीची दोन पांढरी कापडं नेसायची, बायकांना आपले साधे कपडे चालतात, पण नियत दोघांनीही तिथेच करायची. त्या जागेला मिकात म्हणतात. मुंबईहून येणाऱ्या विमानाला मिकात जेद्द्याच्या आधीच लागते. विमानात तशी घोषणा होते आणि लोक तिथेच नियत करून लब्बैक, म्हणजे 'मी हजर आहे', म्हणू लागतात. आलिमांत, म्हणजे धर्मपंडितांत, यावर मतं निरनिराळी आहेत, नाही असं नाही, पण आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आणि आमच्या जमातीत लहानपणापासून हेच शिकवतात.

शरफूनं काय केलं, तर कधीकाळी उतरलेल्या कुणा लखनौकडच्या, दुसरं मत मानणाऱ्या पाहुण्याचं बोलणं उचललं आणि आपल्या खाटा भरायला वापरलं. "विमानात कपडे बदलायची भानगड कशाला? माझ्याकडं या. गरम पाण्यानं आंघोळ करा, नाश्ता करा, आरामात इथनं एहराम बांधा. तासाभरात मक्का." आणि त्यापुढे, कुणालाही न विचारता, एहराम कसा बांधायचा याचा धडा. "पयलं कापड बेंबीच्या वर धरा. पाय जरा फाकवा. उजवं टोक डावीकडं न्या, डावं उजवीकडं. वरची कड दोनदा वळा, मग पट्टा. चालून बघा." रत्नागिरी-रायगडच्या प्रत्येक मोहल्ल्यात हा मेसेज फिरला होता. लोक स्वतःच व्हिसा काढून, एजंटाला टाळून येऊ लागल्यापासून तर शरफूची चांदीच होती. मी ते ऐकून होतो. त्याच्या इतर बाता ऐकायचो तशीच ही एक, म्हणून सोडून देत होतो. आपल्याला काय करायचंय, असं माझं चाललं होतं.

मरियमखाला आली त्या दिवशी ते संपलं.

शुक्रवार होता, मला सुट्टी. सकाळी नऊच्या सुमारास जिन्यात धापा ऐकू आल्या म्हणून मी खाली गेलो. सत्तरीची बाई, एका हातात पिशवी, एका हातानं भिंत धरलेली. शरफूच्या शेजारच्या गावची. एकटीच आली होती. भाचा जुबैलहून येऊन मक्केला नेणार होता, त्याची रजा ऐन वेळी रद्द झाली. मी पिशवी घेतली, खुर्ची दिली. शरफू म्हणाला, "खाला, दमलीस? माझ्याकडं बघ." तिनं खरंच त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"तुझ्या आईसारखाच दिसतोस रे," ती म्हणाली. "शरफू हाय म्हणून आले मी. नायतर एकटीनं कोण येतंय?"

चहा पिता पिता तिनं मला सगळं सांगितलं. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, त्याला बावीस वर्षं झाली. तिनं सुकट-बोंबील विकून पोरांची लग्नं केली आणि मग उमऱ्यासाठी पैसे मागे टाकत राहिली. आधी स्वतःचा उमरा करायचा, मग नवऱ्याच्या नावाचा. दहा दिवसांनी परतीचं विमान. "परत काय यायला मिळतंय मला? गुडघे बघ," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "मिस्त्री, एक इचारू? इमानात माईकवर सांगितलं, मिकात आली. बाजूची बाई बोलली, आजी, नियत कर. सगळे लब्बैक बोलायला लागले. मी गप बसले. तिला बोलले, आमचा शरफू सांगतो जेद्द्यात करायची. ती माझ्याकडं बघतच राहिली. मी बरोबर केलं ना?"

तिला खोटं सांगायची माझी तयारी होती, पण मी नजर कपाकडे वळवली. माझं तोंड बघून ती समजली. कप खाली ठेवून ती हात पुसत बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मी शरफूकडे गेलो. म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही. तिनं इथून नियत केलेली नाही, सीमेवर परत गेलं की झालं. दक्षिणेला यलमलमची मिकात आहे, गाडीनं दोन तास. तिथे नेऊन नियत करू द्या, तिथूनच मक्केला जाऊ द्या. तुमची गाडी आहे, तुम्ही ड्रायव्हर आहात.

"काय गरज नाय," तो म्हणाला. "इथनं चालतं. तीस वर्षं झाली."

"शरफूभाई, तुम्ही शाफई की नाही?"

"हजार लोकांनी इथनं एहराम बांधला, मिस्त्री. हजार! कुणाचं काय अडलं? फार तर दंड म्हणून एक बकरा द्यायचा. मी देतो बकरा, मग तर झालं?"

"आणि हजारांचे हजार बकरे कोण देणार?" मी म्हणालो.

माझा हेतू फक्त टोचायचा होता. पण शरफू बोलायचा थांबला.  इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला उत्तर नसताना बघत होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मागे खाला येऊन उभी होती. ती काही रागावून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बकरा नको, बाबा. जाता येतंय ना? मग जाऊ. चुकीनं सुरुवात कशाला करू?"

मी टॅक्सी बघायला खाली उतरलो. लांबचं भाडं, त्यात शुक्रवार. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याशी बोलतो आहे तेवढ्यात शरफूची जुनी कॅम्री गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर खाला. शरफूनं काच खाली केली आणि समोर बघत म्हणाला, "मला त्या बाजूला कामच हाय. एसीच्या पार्टचं. जाता जाता सोडतो." यलमलमच्या बाजूला वाळू आणि उंट. एसीचा कसला पार्ट मिळतो तिथे? मी पुढे बसलो. त्याच्या भरवशावर तिला सोडायला मी तयार नव्हतो.

 दोन तास खालाच बोलत होती, शरफूच्या आईबद्दल, गावच्या विहिरीबद्दल. मिकातच्या मशिदीत ती बायकांच्या बाजूला गेली, आंघोळ करून, दोन रकात नमाज पढून, पांढरी ओढणी घेऊन बाहेर आली. तिच्या ओठांवर लब्बैक चालू होतं. सकाळची ती बाई आणि ही बाई एकच, असं वाटेना. मला म्हणाली, "झालं बघ माझं." मग शरफूला म्हणाली, "तू पण बांध. हरमात, काब्यापाशी, गर्दी असतंय, मला धरून तवाफाच्या फेऱ्या घाल. एहराम नसंल तर पुरुषाला खाली काब्याजवळ सोडत नायत, बाजूची बाई बोलली."

"मिस्त्री येतील," शरफू म्हणाला.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, ते त्याला ठाऊक होतं. आणि खाला माझ्यासाठी आलीच नव्हती. "तू चल," ती म्हणाली. "मला तुझाच भरवसा हाय."

एवढं झाल्यावरही ती हे म्हणाली. शरफू मुकाट्यानं तिथल्या दुकानात गेला आणि एहरामचा जोड घेऊन पुरुषांच्या हमामात शिरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मला वाटलं पळाला. आत गेलो तर तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा. जाकीट, सदरा खुंटीला. कमरेभोवती ते कापड, एक टोक जमिनीला लागलेलं, एक गुडघ्याच्या वर. त्यानं कड वळवली, खोचली, हात सोडला, आणि सगळं घसरलं. पुन्हा तेच. उजवं टोक त्यानं उजवीकडेच ओढलं होतं.

हातांचं मला कळतं. रंधा ज्यानं चार वेळा धरला आहे त्याचा हात आणि ज्यानं कधीच धरला नाही त्याचा हात मी लांबून ओळखतो. हे हात कधीच या कामाला लागलेले नव्हते.

"शरफूभाई," मी विचारलं, "तुम्ही आजवर उमरा केलाच नाही?"

तो वळला नाही. "सीझनमधी पावणे सोडून कसा जाणार?" तो भिंतीला म्हणाला. "पयली दोन-तीन वर्षं तसंच गेलं. मंग लोक इचारायला लागले, किती झाले, शरफूभाई? मी बोलून गेलो काहीतरी. एकदा बोलल्यावर मंग... कुणाबरोबर जाऊ? सगळे ओळखीचे. हरमात गेलो आणि काय करायचं ते ठावं नसलं, तर?"

मक्का त्याच्या घरापासून तासाभरावर. एवढ्या वर्षांत रोज पाचदा तिकडे तोंड करून हा उभा राहिला, लोकांना वाट दाखवली, कापडं कशी बांधायची ते शिकवलं, आणि स्वतः गेला नाही, कशासाठी, तर कुणी बघेल म्हणून. कीव यावी असंच ते होतं. पण मला आधी आला तो रागच. मी पुढे झालो, त्याला माझ्याकडे वळवलं आणि लहान मुलाला नेसवावं तसं ते कापड नेसवलं. उजवं टोक डावीकडे, डावं उजवीकडे, कड दोनदा वळून घट्ट. पट्टा आवळताना मुद्दाम एक घर जास्त आवळला.  तो फक्त म्हणाला, "इथली कापडं आखूड असतात." मग जाकीट माझ्या हातात दिलं. सातही रिमोट त्यात होते.

"हे कुणाला बोलू नका, मिस्त्री," तो म्हणाला. मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही.

बाहेर खाला उभी होती. तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती लब्बैकचा एक एक शब्द म्हणायची आणि तो तिच्या मागून म्हणायचा, असे दोघं गाडीकडे गेले. मला जीझानहून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं जेद्द्याला सोडलं. जाकीट मांडीवर होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शरफू एकटा परत आला. खाला मक्केत एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर राहिली होती. तिचे दोन्ही उमरे व्हायचे ते नीट झाले, असं तिनं जाण्याआधी फोनवर मला सांगितलं. शरफूचं डोकं तुळतुळीत भादरलेलं, उमरा पुरा झाल्यावर भादरतात तसं. त्यानं माझ्याकडून जाकीट घेतलं, घातलं आणि खुर्चीत बसला. त्याच सकाळी दापोलीकडचे चार जण उतरले होते, नेहमीप्रमाणे नियत न करता. शरफूनं त्यांना समोर बसवून सांगितलं की उद्या सगळ्यांनी यलमलमला जायचं आहे, गाडी तो आणेल. एकानं विचारलं, तुमच्या मेसेजमध्ये तर वेगळंच आहे? शरफू म्हणाला, "आता नवीन नियम आलाय." चौदाशे वर्षांचा नियम त्यानं परवा आणला! मी जिन्यात उभा राहून मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आधीच्या हजारांबद्दल त्यानं तेव्हा किंवा नंतर अवाक्षर काढलं नाही.

जेवायला आम्ही सहा जण जमिनीवर अंथरलेल्या एकाच सुप्र्याभोवती बसलो होतो. मध्ये भाताचं ताट, मासळीचं कालवण. चौघांतला वयानं मोठा जो होता, त्याचं लक्ष शरफूच्या डोक्याकडे गेलं.

"मुबारक हो, शरफूभाई! आत्ताच करून आलात वाटतं. कितवा उमरा?"

शरफूचा हात भातात होता. तो थांबला. नेहमी प्रश्न पुरा होऊ न देणारा माणूस, पण या वेळी त्यानं वेळ घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "पयला."

 मग चौघेही मोठ्यानं हसले. एकाला ठसका लागला. "शरफूभाई, तुमी पण ना!" दुसरा म्हणाला. "सगळ्या कोकणाला एहराम बांधायला शिकवलंत, आणि म्हणे पयला!"

"खरंच," शरफू म्हणाला. "पयला हाय."

ते आणखी हसले. तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसता बघत राहिला. त्या घरात खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी ताटात बघून मासळीचे काटे काढत राहिलो. मग शरफूही हसायला लागला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि आणखी भात आणायला आत गेला.